शातोनफ-द्यु-पापची २०१० सालची बाटली भेट मिळाली आहे. ही वाइन कशी असते, येते कुठून, आणि आता उघडावी की अजून ठेवावी?

उघडा. फ्रान्समधल्या दक्षिण ऱ्होन या वाइनच्या प्रदेशासाठी २०१० हे फार चांगलं साल होतं, आणि एवढ्या वर्षांत ती छान मुरली असणार. मात्र गडद जांभळ्या, ताज्या फळांच्या वासाच्या वाइनची अपेक्षा ठेवू नका. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरलात तर कडेचा रंग विटकरी दिसेल. वासात सुकं अंजीर, चामडं आणि तिथल्या माळरानावर उगवणाऱ्या थाइम-रोझमेरीसारख्या सुकलेल्या वनस्पती येतात. तरुणपणी जीभ आवळून धरणारं टॅनिन (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) आता बरंच मऊ झालेलं असतं, आणि त्यातला काही भाग गाळ होऊन तळाशी बसतो. मला ही वाइन याच वयात सगळ्यात जास्त आवडते.

ती येते आव्हिन्यों शहराच्या उत्तरेकडच्या एका गावातून. १३०९ पासून काही दशकं पोप रोमऐवजी आव्हिन्योंला राहत. त्यांच्यापैकी जॉन बाविसावे यांनी या गावात किल्ला बांधला. शातोनफ-द्यु-पाप, म्हणजे ‘पोपचा नवा किल्ला’, हे नाव त्यावरूनच, पण गावाने ते अधिकृतपणे घेतलं १८९३ मध्ये. खरं सांगायचं तर आजच्या वाइनचं श्रेय मी पोपना देणार नाही. १८६० च्या दशकात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने ऱ्होन नदीपलीकडच्या भागातूनच फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांचा विध्वंस सुरू केला. पुढे या गावाच्या नावाने भलतीच वाइन विकली जाऊ लागली. तेव्हा शातो फोर्तिया या द्राक्षमळ्याचे बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने बागायतदारांनी १९२३ पासून स्वतःवरच नियम घालून घेतले: जमीन कोणती, वाण कोणते, मद्यार्क किमान किती. १९३६ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली. द्राक्षं आजही हातानेच तोडावी लागतात.

नियमांत परंपरेने तेरा वाण मोजतात. शातो द बोकास्तेल ते सगळे लावतं, तर शातो रायासची लाल वाइन निव्वळ ग्रेनाश या एकाच वाणाची असते. बहुतेकांचा मुख्य आधार ग्रेनाशच. त्यात गोडसर फळांचा भरघोसपणा आणि भरपूर मद्यार्क असतो, पण रंग फिका, आणि हवा लागली की ते लवकर उतरतं. ही उणीव मूर्वेद्र भरून काढतं. ते तुरट आणि घट्ट असतं, हवेला सहज बधत नाही. सिरा रंग आणि मिऱ्याचा तिखटपणा देतं. वाइन वर्षानुवर्षं टिकते त्यात या जोडीचा मोठा वाटा आहे. अनेक मळ्यांत गोल गोटे पसरलेले असतात. ते दिवसा तापतात आणि रात्री ऊब सोडतात. मिस्त्राल नावाचा उत्तरेचा कोरडा वारा घड सडू देत नाही.

आता उघडण्याचं. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, म्हणजे गाळ खाली बसेल. बूच वर सरकलेलं किंवा कडेने पाझरलेलं दिसलं, तर बाटलीला उन्हाळा बाधला असण्याची शक्यता आहे. वाइन १६ ते १८ अंशांवर हवी, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. हळूहळू ओता आणि गाळ दिसला की थांबा. सोबत कमी तिखटाचं, मंद आचेवर शिजवलेलं मटण उत्तम. उरलेली दुसऱ्या दिवसासाठी राखू नका. इतकी जुनी वाइन एका रात्रीत वास गमावू शकते, म्हणून चार जणांना बोलवा आणि त्याच संध्याकाळी संपवा.