थ्रिलर सिनेमाची फक्त पहिली दोन मिनिटं बनवून मुलांना काय शिकायला मिळतं?

तुमचा प्रश्न असा की, इंग्लंडमध्ये अकरावीच्या वयाच्या मुलांना मीडिया स्टडीजमध्ये थ्रिलर सिनेमाची नुसती सुरुवात बनवायला लावायचे. ती धड फिल्म नाही, धड ट्रेलर नाही. मग त्यातून शिकायचं काय, आणि तुमच्या ज्युनिअर कॉलेजात हा प्रयोग करावा का? मी हे स्वतः केलंय. बाबांची बदली झाली म्हणून पंधराव्या वर्षी नाशिकहून इंग्लंडला गेलो, 2012-13 मध्ये तिथे एएस लेव्हल (आपल्या अकरावीच्या तोडीचं वर्ष) केलं आणि आता मुंबईत मालिकांचं एडिटिंग करतो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी कामाचं स्वरूप सांगतो. आमचं बोर्ड ओसीआर. एका नव्या काल्पनिक सिनेमाची नामावली आणि सुरुवात बनवायची, जास्तीत जास्त दोन मिनिटं. एका गटात चारपेक्षा जास्त मुलं नकोत. एकूण 100 गुण, त्यातले 20 तयारीला, 60 प्रत्यक्ष फिल्मला आणि 20 शेवटच्या मूल्यमापनाला. चित्रीकरण सगळं स्वतःचं हवं, बाहेरून घ्यायचंच तर फक्त कॉपीराइट नसलेलं संगीत किंवा ध्वनी. थ्रिलरच करा असं बोर्ड म्हणत नव्हतं, ते शाळा ठरवायची. कारण उघड आहे. विनोदी करायचं तर लिहिता यावं लागतं, विज्ञानकथेला पैसे लागतात, थ्रिलरला एक जिना आणि एक दिवा पुरतो. 2017 पासून तिथला अभ्यासक्रम बदलला, पण माझ्या आसपासच्या वयाच्या कोणाही मीडियावाल्याला विचारा, त्याच्याकडे अशी दोन मिनिटं कुठेतरी पडलेली असतात आणि ती तो दाखवत नाही.

मुख्य कामाआधी एक सराव असायचा. एक पात्र दार उघडतं, खोली ओलांडतं, दुसऱ्या पात्रासमोरच्या खुर्चीत बसतं आणि दोघं एक-दोन वाक्यं बोलतात. संपलं. आम्हाला वाटलं, पोरखेळ आहे. आमच्या सरावात मुलगी डाव्या हाताने दार ढकलते आणि पुढच्या शॉटमध्ये उजवा हात पुढे करून आत येते. संवादात तर आणखी गंमत. दोन माणसांमध्ये एक रेषा आहे असं समजून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा 180 अंशांचा नियम वहीत लिहून घेतला होता. शूटिंगच्या वेळी पलीकडून उजेड बरा दिसला म्हणून कॅमेरा तिकडे नेला. पडद्यावर समोरासमोर बसलेली माणसं एकाच बसची वाट बघत असल्यासारखी एकाच दिशेला बघत होती. हा नियम मला तिथे कळला, वहीत नाही.

आता खरी फिल्म. आमची मूळ गोष्ट अशी: मुलगी शाळेतून घरी येते, हुडी घातलेला माणूस सुरी घेऊन तिचा पाठलाग करतो. मीडिया शिकवणाऱ्या मिसनी सुरी पहिल्याच दिवशी बाद केली. स्वयंपाकघरातली सुरी विनाकारण रस्त्यावर बाळगणं तिथे गुन्हा आहे, आणि "आमचं शूटिंग चाललंय" हे पोलिसांना पटेपर्यंत दुपार गेली असती. म्हणून पाठलाग रद्द करून सगळं आमच्या घरात आणलं. तेही बरंच झालं. जानेवारीत तिथे साडेचारच्या सुमारास अंधारायला लागतं, शाळा सव्वातीनला सुटायची. बाहेर शूट करायला उजेड उरायचाच कुठे?

खुनी मी. ही निवड कशी झाली ते सांगता येत नाही, कारण निवड झालीच नाही. चौघांत मी एकटा सावळा, उंच आणि नुकती दाढी फुटलेला. स्टोरीबोर्डवर, म्हणजे शॉटची चित्रं आधी काढून ठेवतात त्या कागदावर, हुडीवाल्याच्या चौकटीखाली कोणीतरी माझं नाव लिहून टाकलं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घाबरायचं काम मुलीचं, हेही असंच आपोआप ठरलं. मिसनी त्या चौकटीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "हे कोणी ठरवलं?" आम्ही चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. मूल्यमापनात 'तुमच्या फिल्ममध्ये विशिष्ट समाजगट कसे दाखवलेत' असा एक ठरलेला प्रश्न असायचा. बहुतेक मुलं त्याचं साचेबंद उत्तर लिहायची, मीही लिहिलं. पण त्या बोटाने मला जे शिकवलं ते त्या उत्तरात आलेलं नाही. आजही मालिकेत चोर म्हणून कोण उभा केलाय हे माझ्या डोळ्यांना आधी दिसतं. कधी बोलतो, कधी पगाराकडे बघून गप्प बसतो.

कच्ची जोडणी, म्हणजे शॉट एकापुढे एक लावून झालेली पहिली फिल्म, वर्गाला दाखवली त्या दिवशी आमचं हसं झालं. अक्षरशः. मुलगी घरात येते, मागे दाराआडून हुडीवाला निघतो, आणि वर्ग खो-खो हसतो. मी दाराआड नऊ सेकंद उभा होतो. त्या नऊ सेकंदांत बघणाऱ्याला माझे बूट दिसले, हुडीवरचा शाळेचा लोगो दिसला आणि मी श्वास कोंडून ठेवलाय हेही दिसलं. एका सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे मी सव्वादोनशे फ्रेम नुसता खांबासारखा उभा! घरी जाऊन एडिटिंगच्या टाइमलाइनवरून खुन्याचे सगळे शॉट उडवले, म्हणजे स्वतःलाच कापून काढलं. एडिटर म्हणून माझा पहिला निर्णय तो.

आता उरलं काय? मुलगी येते, हाक मारते, किल्ली अडकवते, चहा ठेवते. भीती गायब.

तेव्हा कॅमेरावाल्या मित्राचा आळस कामी आला. तो "कट" म्हटल्यावर लगेच कॅमेरा बंद करायचा नाही. आमच्या दाराजवळ आईने नाशिकहून नेलेली लाकडी पोपटाची किल्ल्या अडकवायची पट्टी होती. मुलीने किल्ली अडकवून हात काढला, धक्का लागून शेजारचा बाबांचा जुडगा हलला आणि ती फ्रेमबाहेर गेल्यावरही कॅमेऱ्यात हलत राहिला. रिकामी भिंत, पोपट आणि डुलणारा जुडगा. आम्ही तो तुकडा चार वेळा बघितला. घरात कोणी नाही म्हणते ही, मग हा जुडगा आत्ता कोणी अडकवला?

तो शॉट नीट परत घ्यायचा ठरला. जुडग्याला काळा दोरा बांधला आणि मी पट्टीखाली जमिनीवर बसून दोरा ओढायचा. खुन्याचा दोरेवाला झालो. जुडगा चार-पाच सेकंदांत थांबतो, त्यामुळे लांबून घेतलेल्या शॉटमध्ये तो जेवढा हलतोय तेवढाच जवळच्या शॉटमध्ये हलला पाहिजे, नाहीतर जोड उघडी पडते. सतरा टेक झाले. सरावातलं ते दार आणि ती खुर्ची कशासाठी होती, हे सोळाव्या टेकला उमगलं.

आणि मग जो वाद झाला, त्याला मी या सगळ्या प्रकल्पाची कमाई म्हणतो. जुडगा आधी कोणी बघायचा, मुलीने की प्रेक्षकाने? एका मैत्रिणीचं म्हणणं, मुलीने बघावा, दचकावं, आणि तिच्या चेहऱ्यावर सिनेमाचं नाव यावं. माझं म्हणणं उलटं. दोन्ही जोडण्या केल्या. पहिलीत मुलगी दचकते, आपण दचकतो, संपतं. दुसरीत मुलगी न बघताच स्वयंपाकघरात जाते, जुडगा फक्त आपल्याला दिसतो, आणि पुढे ती चाळीस सेकंद नुसता चहा करते. केटल भरते, कप विसळते, साखर शोधते. हेच चाळीस सेकंद आधीच्या जोडणीत कंटाळवाणे होते. आता वर्गात कोणी खुर्चीतसुद्धा हललं नाही. शॉट तेच, नटी तीच, फक्त एक तुकडा पुढे आला होता. टेबलाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला माहीत असला आणि गप्पा मारणाऱ्यांना नसला की त्या गप्पाच भयंकर होतात, हे हिचकॉकचं उदाहरण आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यावर गुणही मिळवले होते. कळलं मात्र केटलपाशी.

नुसती सुरुवात का, याचं माझं उत्तर इथे आहे. पूर्ण फिल्म दिली की मुलं गोष्ट संपवायच्या मागे लागतात. शेवटी स्वप्न निघतं, नाहीतर जुळा भाऊ निघतो. सुरुवातीत गोष्ट संपवायची मुभाच नसते. फक्त कोणाला काय आणि कधी कळू द्यायचं एवढंच हातात राहतं, त्यामुळे सगळी अक्कल तिथे लावावी लागते. जुडगा कोणाचा होता, हे आम्हाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मिसनी विचारलंही नाही.

नामावलीचं वेगळं सांगायला हवं, कारण शिक्षक ते सहसा शेवटच्या दिवसावर ढकलतात. कंपनीचं नाव, कलाकार, सिनेमाचं नाव, मग संगीत, संकलन, छायाचित्रण, निर्माता, लेखक आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक, असा साधारण क्रम असतो. चौघांनी मिळून नऊ पाट्या भरल्या. प्रत्येक पाटी वाचायला तीन सेकंद धरली तर दोन मिनिटांतली सत्तावीस सेकंदं पाट्यांचीच. आणि पाटी ठेवायची कुठे? आमच्या सगळ्या फ्रेम मुलीच्या चेहऱ्याने गच्च भरलेल्या. एक पाटी कपाळावर, एक नाकावर. परत शूट करताना मुलीला फ्रेमच्या एका कडेला ढकललं आणि उरलेली जागा अक्षरांसाठी मोकळी सोडली. बघतो तर त्या मोकळ्या जागेचीच भीती वाटायला लागली. पाटी गेल्यावरही नजर तिथेच रेंगाळते, आता इथून कोणीतरी येणार म्हणून. ही युक्ती मी अजून वापरतो. मालिकेत मात्र ती फार चालत नाही, तिथे मोकळी जागा दिसली की चॅनेलवाले विचारतात, क्लोजअप नाही का?

आवाजाकडे तर मुलं सगळ्यात कमी लक्ष देतात. त्या वर्षी आमच्या वर्गात पाच गट होते, तिघांच्या फिल्ममध्ये हृदयाचे ठोके. आम्हीही लावले होते, काढून टाकले. कॅमेऱ्याच्या माइकवर जुडग्याचा आवाज जवळजवळ आलाच नव्हता, आली होती ती फ्रीजची घरघर. आणि घरघरीतही गोम होती. कॉम्प्रेसर मधेच बंद पडायचा, त्यामुळे एका शॉटमध्ये ती असायची, पुढच्यात नसायची, आणि दर कटला कोणीतरी खिडकी उघडझाप केल्यासारखं वाटायचं. शेवटी फ्रीज बंद करून रात्री आवाज वेगळे रेकॉर्ड केले: किल्ल्या, कप, पाऊल, आणि अर्धा मिनिट नुसती घराची शांतता. शांतता रेकॉर्ड करावी लागते, हे आईला पटवताना माझी पुरेवाट झाली. ती शांतता सगळ्या कटांखाली सलग अंथरली तेव्हा दोन शनिवारी घेतलेले तुकडे एका दुपारचे वाटायला लागले.

फ्रीज परत चालू करायला आम्ही विसरलो. सकाळी दूध नासलेलं आणि फ्रीजरमधल्या मटाराचं पाणी. आई तीन दिवस बोलली नाही.

टीमवर्क, वेळेचं नियोजन वगैरे मूल्यमापनात सगळेच लिहितात. सात प्रश्नांपैकी शेवटचा असायचा की, सरावापासून इथपर्यंत येताना काय शिकलात? उत्तरं वाचाल तर सगळी मुलं सारखीच शिकलेली दिसतील. टीमवर्क आमचं काही सुधारलं नव्हतं, त्या मैत्रिणीने दुसऱ्या जोडणीला शेवटपर्यंत मान्यता दिली नाही. माझं ऐकाल तर तुम्ही लेखी मूल्यमापन कमी ठेवा आणि दोन जोडण्या मागा. तेच शॉट, क्रम वेगळा, दोन्ही वर्गासमोर, कोणतं काय म्हणून न सांगता. वर्ग कुठे हसतो, कुठे मोबाइल काढतो, ते बनवणाऱ्यांनी गप्प बसून बघायचं. कॅमेऱ्याचा प्रश्न आता उरला नाही, फोन पुरतो. फक्त फोन आडवा धरायला सांगा आणि फोकस लॉक करायला शिकवा.

गटात खुनी कोण आणि बळी कोण हे कागदावर कारणासकट लिहून घ्या, शूटिंगच्या आधी. रात्रीचं शूटिंग असेल तर सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर जिन्यात कुजबुजणारी चार पोरं बघून तो तुमच्या थ्रिलरमध्ये स्वतःचं काम काढेल.

आणि आवाजासाठी फ्रीज बंद करायची वेळ आली, तर जो तो बंद करेल त्याच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती मला मुंबईत आल्यावर कळली. किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली घ्यायला फ्रीज उघडला की आत दिवा लागलेला नसतो.