32 बिट विंडोजमध्ये 4 जीबीपैकी 3.25 जीबीच रॅम वापरता येते. बाकीची बायोस आणि हार्ड डिस्क खातात का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड डेस्कटॉपमध्ये 2-2 जीबीच्या दोन रॅम आहेत, विंडोज 7 ची 32 बिट आवृत्ती आहे आणि सिस्टिमच्या खिडकीत '4.00 जीबी (3.25 जीबी युजेबल)' दिसतं. दुकानदार म्हणतो, बायोसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) जाऊन न लागणारे साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायच्या जागा) बंद करा, उरलेली पाऊण जीबी परत येईल.

नाही येणार. फार तर काही केबी सुटतील. पण दुकानदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये. ही पाऊण जीबी बायोसनेच बाजूला काढलीय, फक्त त्याने रॅम घेतलेली नाही, पत्ते घेतलेत.

32 बिटांत 4,29,49,67,296 पत्ते बसतात, म्हणजे बरोबर 4 जीबी. प्रोसेसरला रॅममधलं काही वाचायचं तर पत्ता लागतो, आणि ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड किंवा साटा कंट्रोलरची रजिस्टरं (त्यांच्या आतल्या छोट्या नोंदींच्या जागा) वाचायची तरी बहुतेक वेळा याच 4 जीबीतला पत्ता लागतो. विंडोजचा लोगो दिसायच्या आधीच बायोसने ही वाटणी उरकलेली असते. जे पत्ते कार्डांना जातात ते रॅमला मिळत नाहीत.

वाटणीची पद्धत मोठी गमतीची आहे. कार्डाला किती जागा हवी हे बायोस सरळ विचारत नाही. तो कार्डाच्या 'बेस अ‍ॅड्रेस रजिस्टर'मध्ये सगळे बिट 1 करून लिहितो आणि लगेच परत वाचतो. कार्ड खालचे काही बिट बदलूच देत नाही. अगदी खालचे चार बिट खुणेचे असतात. ते धरून खालचे 28 बिट बदलता आले नाहीत, तर कार्डाला 256 एमबी हवेत. आता 256 एमबीचा तुकडा 256 एमबीच्या पटीतल्या पत्त्यावरच सुरू व्हावा लागतो, त्यामुळे मधे फटी राहतात आणि त्याही वाया जातात.

तुमचा हिशेब बहुधा असा असेल: ग्राफिक्स कार्डाची खिडकी (प्रोसेसरला कार्डाची मेमरी जिथून दिसते तो पत्त्यांचा पट्टा) 256 एमबी. कार्डावर 1 जीबी मेमरी असली तरी त्या काळच्या कार्डांची खिडकी साधारण एवढीच असायची. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डं जोडायच्या पद्धतीच्या) कॉन्फिगरेशनसाठी आणखी 256 एमबी (256 बस, प्रत्येकी 32 डिव्हाइस, प्रत्येकी 8 फंक्शन, प्रत्येकाला 4 केबी). उरलेल्यात नेटवर्क, साउंड, यूएसबी, साटा, आणि पार टोकाला बायोसची स्वतःची फ्लॅश चिप. मशीन सुरू होताना प्रोसेसर पहिली सूचना उचलतो तीच मुळी 4 जीबीच्या 16 बाइट अलीकडून.

डिस्कचा वाटा यात नगण्य आहे. एएचसीआय कंट्रोलरची (साटा डिस्क चालवणाऱ्या चिपची) रजिस्टरं काही केबीत मावतात. पोर्टमागे 32 आज्ञांची यादी रॅममध्ये ठेवावी लागते, ती 1 केबीची. डेटा हा कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता, थेट रॅममध्ये टाकतो, पण ज्या बफरमध्ये टाकतो तो विंडोजच्या ड्रायव्हरने दिलेला असतो, बायोसने नाही. बायोसचं डिस्कशी काम बूटपुरतं: 512 बाइटांचा बूट सेक्टर पहिल्या 1 एमबीत ठरलेल्या जागी आणून ठेवायचा आणि ताबा द्यायचा.

हे दुखणं नवं नाही. 1981 च्या आयबीएम पीसीत एकूण 1 एमबीचे पत्ते होते. वरचे 384 केबी व्हिडिओ, कार्डं आणि बायोसच्या रॉमसाठी राखून रॅमला 640 केबी ठेवले होते.

आता उपाय. बायोसमध्ये 'मेमरी रिमॅप' असेल तर तो झाकली गेलेली रॅम 4 जीबीच्या वरच्या पत्त्यांवर नेतो. तिथपर्यंत 32 बिट विंडोज 7 पोचत नाही. पीएईमुळे (4 जीबीच्या वरचे पत्ते वापरू देणाऱ्या सोयीमुळे) प्रोसेसरला ते 1995 च्या पेंटियम प्रोपासून जमतं, पण ड्रायव्हर गडबडतात म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती आवृत्त्यांना 4 जीबीची मर्यादा मुद्दाम ठेवली. म्हणजे 64 बिट सिस्टिम हवी, आणि चिपसेटही (मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम आणि कार्डं जोडणारा चिपांचा संच) रिमॅप करणारा हवा. इंटेल 945 असेल तर खटाटोप करू नका, तो 4 जीबीच्या वर पत्ताच देत नाही.

ग्राफिक्स ऑनबोर्ड असेल तर गोष्ट वेगळी. ते खरोखरच रॅममधून हिस्सा घेतं. बायोसमध्ये तो आकडा 128 वरून 32 एमबीवर आणा, तेवढी रॅम खरंच सुटेल.

दुकानदाराशी वाद घालण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यू मेन्यूतून 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा आणि 'मेमरी' पसरवा. कोणत्या कार्डाने कुठून कुठपर्यंत पत्ते घेतलेत ते तिथे ओळीने दिसतं.