फॉर्मवरची सही आणि स्टार्टची रुग्णवाहिका: डोंगरातल्या शर्यतीला एवढं पुरत नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गोव्यात फोंड्यातला तुमचा गट डिसेंबरात सत्तरी तालुक्याच्या डोंगरात २५ किलोमीटरची ट्रेल रन, म्हणजे रानवाटांवरची शर्यत, भरवतोय. दीडशेच्या आसपास धावक येतील. स्टार्टला १०८ ची रुग्णवाहिका असेल, ओळखीचे एक डॉक्टर येणार आहेत आणि 'मी स्वतःच्या जबाबदारीवर धावतो' असं प्रत्येकाकडून लिहून घेणार आहात. एवढं पुरेल का, आणि काही बरंवाईट झालंच तर जबाबदार कोण?

पुरणार नाही. आणि जबाबदार आधी तुम्हीच. त्या सहीचा अर्थ इतकाच की डोंगरात पाय मुरगळू शकतो, खरचटू शकतं, हे धावकाला माहीत होतं. तुमचा निष्काळजीपणा त्या कागदाने माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या फॉर्मचं नेमकं काय ते वकिलाला विचारा. पण कायद्याच्या भीतीने केलेली तयारी नेहमी कागदावरची होते, म्हणून मी दुसऱ्या बाजूने सांगतो.

रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर थांबते आणि माणूस पडतो आत रानात. या दोन जागांमधलं अंतर कोण, कसं आणि किती वेळात कापणार, याचं उत्तर तयार असणं म्हणजे तुमची जबाबदारी. बाकी सगळं त्यानंतर.

म्हणून पहिलं काम, येत्या रविवारीच करा. मार्गावरची रस्त्यापासून सर्वांत दूरची जागा शोधा, तुमच्यातल्याच सत्तर किलोच्या कोणाला तरी स्ट्रेचरवर बांधा आणि खाली आणून बघा. कागदावर सहा जण उचलतात. पायवाट अरुंद झाली की बाजूच्या चौघांना पाय ठेवायला जागाच राहत नाही, सगळा भार पुढच्या-मागच्या दोघांवर येतो. जांभ्या दगडाच्या उतरणीवर पुढचा माणूस उलटा चालतो, त्याला पाय कुठे टाकायचा ते सांगायला आणखी एक माणूस लागतो. दर काही मिनिटांनी हात बदलावे लागतात. व्हाळ, म्हणजे ओढा, आला की स्ट्रेचर खाली टेकवता येत नाही. असा एक किलोमीटर सहज तासभर खातो. घड्याळ लावून हे एकदा केलंत की प्रथमोपचाराची ठाणी कुठे हवीत, माणसं किती हवीत, हे मला विचारावं लागणार नाही. एखादा टप्पा असा निघेल की तिथून माणूस वेळेत बाहेर काढताच येत नाही. तो टप्पा मार्गातून काढून टाका, कितीही सुंदर असला तरी.

रेंज नाही हे गृहीतच धरा. सुर्लाच्या बाजूला, चोर्ला घाटाच्या आतल्या भागात फोन असून नसल्यासारखा. वॉकीटॉकी भाड्याने मिळतात, पण दरीत त्यांचाही आवाज पोचत नाही, म्हणून तालमीच्या दिवशी प्रत्येक ठाण्यावरून बोलून बघा. जिथे आवाज जात नाही तिथे वरच्या कड्यावर निरोप पुढे देणारा माणूस बसवा. हे काम गावातली मुलं उत्तम करतात, त्यांना प्रत्येक आडवाट माहीत असते. पंचायतीशी आधी बोला, त्या मुलांना दिवसाचे पैसे द्या, आणि प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात त्यांना पहिल्या रांगेत बसवा. पडलेल्या माणसापाशी सर्वांत आधी तीच पोचणार आहेत.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत १७२ धावक उतरले आणि २१ जण दगावले. डोंगरावर अचानक थंड वारा, पाऊस आणि गारा आल्या. वारा अडवणारं जॅकेट सक्तीचं नव्हतं. बहुतेक जण अडकले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्यांच्या मधल्या चढावर, जिथे वाहन पोचत नव्हतं. काहींचा जीव वाचवला तो शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या एका माणसाने, आपल्या गुहेत नेऊन. हवामानाचा इशारा आधी दिलेला होता. गोव्यात गारठून मरणार कोण, असं म्हणू नका. पावसाळ्यात घाटमाथ्यावर घोटा मोडून भिजत बसलेला माणूस अर्ध्या तासात कुडकुडायला लागतो. पण मी हे सांगतोय ते दुसऱ्याच कारणासाठी: शर्यत थांबवायचा अधिकार एकाच माणसाकडे हवा, त्याचं नाव लेखी हवं, आणि तो माणूस प्रायोजकांशी बोलणारा नसावा. वैद्यकीय प्रमुखाने 'थांबवा' म्हटलं की चर्चा नाही.

आता तुमचे डॉक्टर. ते कुठल्या शाखेचे, हे विचारायला संकोचू नका. तुम्हाला कॅज्युअल्टीत काम केलेला डॉक्टर किंवा अनुभवी नर्स हवी. कारण आपल्याकडच्या हवेत धावकाचा जीव घेऊ शकणारी एक मोठी गोष्ट म्हणजे उष्माघात, आणि तो ओळखण्यात चूक झाली की संपलं. डिसेंबरातही गोव्यात दुपारी पारा ३२-३३ वर जातो आणि दमटपणामुळे घाम सुकत नाही. एका शर्यतीत मी शेवटच्या ठाण्यावर होतो. एक तरुण धावत आला, मी नंबर विचारला, तर छातीवर लिहिलेला असूनही तो भलताच नंबर सांगू लागला. मग मलाच विचारायला लागला, 'स्टार्ट कधी आहे?' अंग घामाने चिंब होतं, म्हणून शेजारचा स्वयंसेवक म्हणत होता की उष्माघात नसेल, दमलाय. धावून आलेल्या उष्माघातात अंग अनेकदा घामाने ओलं असतं. कोरडी कातडी दिसेपर्यंत वाट बघायची नसते. आम्ही त्याला खालच्या कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाण्याच्या पाटात गळ्यापर्यंत झोपवलं, एकाने डोकं धरलं, एकाने बर्फाचं पाणी ओतलं. नीट बोलायला लागल्यावरच गाडीत घातला.

आधी थंड करा, मग हलवा. हा क्रम उलटा झाला तर वाळपईहून बांबोळीच्या जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचेपर्यंत तासाहून अधिक वेळ मेंदू तापत राहतो. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर आणि वागण्यात गडबड, एवढं दिसलं की अर्ध्या तासाच्या आत ते खाली आणायचं असतं. कपाळावरचं किंवा काखेतलं थर्मामीटर इथे फसवतं. गुदद्वारातून मोजणारं लागतं आणि ते डॉक्टरांनी वापरायचं. एक ताडपत्री, शंभर लिटर पाणी, दोन पोती बर्फ शेवटच्या दोन ठाण्यांवर ठेवा. चौघांनी ताडपत्री कडेने धरली की तिचंच टब होतं.

एक उलटी गोष्टही लक्षात असू द्या. डोकं दुखतंय, उलट्या होताहेत, बोटं सुजून अंगठी रुतलीय आणि धावक म्हणतो 'मी तर भरपूर पाणी प्यायलो', तर त्याला आणखी पाणी पाजू नका, घाईने सलाईनही लावू नका. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. तो थेट हॉस्पिटलचा पेशंट.

साप चावला तर वरती घट्ट आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय मोडल्यासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा, चावल्याची वेळ लिहा आणि माणसाला न चालवता उचलून आणा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, चापडा या रानातल्या विषारी सापावर नाही. तरी नेणं चुकवायचं नाही. जवळच्या सरकारी केंद्रात त्या दिवशी साठा आहे का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. मला सापापेक्षा मधमाश्यांची धास्ती जास्त वाटते. कड्याखाली आग्यामोहोळ असेल तर मार्ग वळवा. डंखानंतर ओठ सुजले, श्वास घरघरला, चक्कर आली, तर मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. ते देणारा शिकलेला माणूस आणि ती कुपी प्रत्येक दूरच्या ठाण्यावर हवी. हृदय बंद पडलं तर मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, येईपर्यंत न थांबता. हे प्रत्येक स्वयंसेवकाला पुतळ्यावर करून घ्या. नुसता व्हिडिओ बघून हातात बळ येत नाही.

धावकांवरही जबाबदारी टाका, पण नियमात लिहून. शिट्टी, क्रेप बँडेज, लिटरभर पाणी, चार्ज केलेला फोन आणि चकचकीत आपत्कालीन चादर सक्तीची, स्टार्टला तपासणी, नसेल तर धावायचं नाही. पडलेल्याजवळ थांबणं हाही नियमच हवा, आणि थांबलेल्याचा वेळ परत मिळेल हे आधीच जाहीर करा. शर्यत जिंकायला आलेला माणूसही मग थांबतो.

प्रत्येक ठाण्यावर आलेल्यांचे आणि गेलेल्यांचे नंबर वहीत लिहा, शर्यत मध्येच सोडलेल्यांचेही. कोणी मध्येच मित्राच्या स्कूटरवरून घरी जातो आणि तुम्ही रात्रभर रान धुंडाळता. शेवटच्या धावकामागे दोन स्वीपर, म्हणजे मागे कोणी राहिलं नाही ना हे बघत येणारे स्वयंसेवक, असावेत, एकटा नको. ते ठाण्यावर पोचून आकडा जुळेपर्यंत ते ठाणं उठवायचं नाही.

मार्ग म्हादई अभयारण्यातून जात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. तिथे जाल तेव्हा गव्यांच्या पहाटेच्या वाटाही वनरक्षकांना विचारून घ्या. सत्तरीत माकडतापाच्या (गोचिडीमुळे होणाऱ्या तापाच्या) केसेस झालेल्या आहेत, तेव्हा आरोग्य केंद्रालाही मार्ग दाखवा आणि धावून झाल्यावर सगळ्यांना मेसेज पाठवा: आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो, गोचीड चावली असू शकते, हे आवर्जून सांगा.

मार्गाचा नकाशा आणि स्ट्रेचरच्या तालमीला लागलेला वेळ इथे टाका. ठाण्यांच्या जागा त्यावरून ठरवू. तारीख अजून छापली नसेल तर तालीम होईपर्यंत छापू नका.