बाबांची मस्टँग आणि ‘फुकट उचलून नेऊ’

*ताई, बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांची १९६७ ची फोर्ड मस्टँग इथे न्यू जर्सीत एडिसनच्या घरी गराजमध्ये उभी आहे. १९८५ साली ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून घेतली होती. दर दसऱ्याला हार, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. आईला आता ती दान करायची आहे, आणि जमलं तर पैसे बाबांच्या साताऱ्याच्या शाळेला द्यायचे आहेत. रेडिओवर जाहिरात ऐकतो, ‘गाडी फुकट उचलून नेऊ, करात घसघशीत सूट मिळेल.’ फोन करून टाकू का?*

आजच नको. आधी गराजमध्ये जाऊन गाडीचा नंबर नीट बघून या. मागे लागलेली प्लेट नव्हे, कारखान्यात ठोकलेला नंबर. ६७ सालच्या मस्टँगमध्ये पहिला आकडा ७, म्हणजे वर्ष. त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं. तिथे ‘टी’ निघालं तर मजा आहे, कारण ‘टी’ म्हणजे मेटचेन. नाव मेटचेनचं असलं तरी तो कारखाना होता एडिसनमध्येच, रूट १ वर. २००४ मध्ये बंद झाला. म्हणजे बाबांची गाडी कदाचित तुमच्या घरापासून चार मैलांवर जन्मलेली असेल.

पुढचे दोन आकडे बॉडीचे: ०१ साधी हार्डटॉप, ०२ फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची), ०३ उघड्या छपराची. त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं. ‘सी’ म्हणजे नेहमीचं २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट (आठ सिलिंडरचं), ‘एस’ म्हणजे ३९० चं दांडगं इंजिन. या दोनतीन खुणांवर किंमत कितीतरी पटींनी बदलते. घरात कुणालाच हे माहीत नसतं आणि टो ट्रक दारात येऊन उभा राहतो.

आता त्या ‘घसघशीत’ करसवलतीबद्दल. २००५ पासून अमेरिकेत नियम असा आहे की, ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट मागायची असेल आणि संस्थेने तुमची गाडी तशीच विकून टाकली, तर गाडी जितक्याला विकली गेली तितकीच वजावट. बाजारभाव कितीही असो. समजा, गाडी २५,००० ची आहे आणि घाईच्या लिलावात ९,००० ला गेली. तुमच्या कागदावर ९,००० च लिहायचे. संस्था तो आकडा १०९८-सी नावाच्या फॉर्मवर कळवते, म्हणून अंदाजाने काही भरायची सोयही नाही.

पूर्ण बाजारभावाची वजावट मिळते ती संस्थेने गाडी स्वतःच्या कामात खरोखर वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा एखाद्या गरजूला नाममात्र किमतीत दिली तर. नुसतं धुणं-पुसणं, रंग मारणं सुधारणेत धरत नाहीत. गाड्यांचं संग्रहालय किंवा मुलांना मोटार दुरुस्ती शिकवणारी संस्था असेल तर विचारून बघा. अशा वेळी रक्कम ५,००० च्या वर गेली तर अधिकृत मूल्यांकनही लागतं, आणि ते दान देण्याच्या आधीच्या ६० दिवसांत किंवा त्यानंतर केलेलं हवं.

आणि वजावट आईची, तुमची नव्हे. गाडी आईच्या मालकीची झाली तर ती आईच्याच रिटर्नमध्ये जाते. तेही तिने खर्च तपशीलवार दाखवले तरच. २०२५ साठी एकट्या व्यक्तीची ठरीव वजावट (खर्च न दाखवता सरसकट मिळणारी) १५,७५० डॉलर होती, ६५ च्या वर थोडी जास्त. न्यू जर्सीचा घराचा कर बघता आई तो आकडा ओलांडतही असेल. तिच्या सीएला एक फोन करा.

माझं मत विचाराल तर गाडी तुम्हीच विका आणि पैसे दान करा. वारसाने आलेल्या वस्तूची मूळ किंमत करासाठी मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाइतकी धरतात. गाडी एकट्या बाबांच्या नावावर होती आणि भाव फार चढला नाही, तर विक्रीवर कर नगण्य येतो. १९८५ च्या किमतीपासून हिशेब करत बसू नका. शौकिनाला विकलीत तर पूर्ण भाव येतो आणि तेवढाच चेक दान होतो. शिवाय २०२६ पासून तपशीलवार खर्च न दाखवणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही १,००० डॉलरपर्यंतच्या दानाची वजावट आहे, पण फक्त पैशाच्या दानाची, चेकही चालतो. गाडीला ती नाही.

साताऱ्याच्या शाळेला थेट पाठवलेल्या पैशावर अमेरिकेत सूट नाही. इथे नोंदलेली आणि महाराष्ट्रात काम करणारी संस्था हवी, महाराष्ट्र फाउंडेशनसारखी. देण्याआधी नाव आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, संकेतस्थळावरच्या यादीत तपासा. आणि विचारा की त्या शाळेपर्यंत पैसे पोचवता येतात का. पैसे कुठे जायचे हा शेवटचा निर्णय संस्थेचाच असतो, हे आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरात रुसवेफुगवे होतील.

सगळ्यात आधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद. ते बाबांच्या नावावर आहे, म्हणून वारसाच्या कागदांशिवाय विकणंही नाही आणि दान करणंही नाही. काउंटीच्या सरोगेट कार्यालयातून (मृत व्यक्तीच्या मालमत्तेचं काम बघणारं) ते कागद घेऊन मोटर व्हेइकल कमिशनकडे जावं लागेल. सही करताना घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी सोडू नका, पुढचे दंड तुमच्या दारात येतात. गाडी निघताना प्लेट काढून घ्या, जुन्या गाडीच्या ‘क्यू क्यू’ वाल्या असतील तरीही. त्या जमा केल्यावरच विमा बंद करा, आधी नाही. आणि डॅशबोर्डचा खण रिकामा करताना दुरुस्तीच्या पावत्या फेकू नका. नवा मालक त्याच आधी मागेल.