जुना गालिचा टाकण्यापूर्वी

नमस्कार. आपला गालिचा कशाचा आहे, हे आधी ठरवावे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कडेचे दोन-चार धागे उपसून चिमट्यात धरावेत आणि मोरीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, पेटवून पाहावेत: केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर ती लोकर, आणि धागा वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनसारखा कृत्रिम धागा समजावा. लोकरीच्या गालिच्याला कसर किंवा बुरशी लागलेली नसेल, तर तो धुऊन, कडक उन्हात वाळवून प्राण्यांच्या निवाऱ्याला विचारून द्यावा. खराब झालेला मात्र कोणाच्याही गळ्यात मारू नये. कृत्रिम गालिचा कुजत नाही, म्हणून तो खतखड्ड्यात घालू नये. जाळण्याचा विचारही नको. विषारी धूर तर होतोच, शिवाय 2016 च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली होती. तोंडाला फडके बांधून (वर्षानुवर्षांची धूळ असते) मागच्या बाजूने धारदार सुरीने दोन-दोन फुटांच्या पट्ट्या कापाव्यात, सुतळीने बांधाव्यात आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात मोठ्या आकाराच्या कचऱ्याच्या संकलनाची चौकशी करूनच त्या खाली उतरवाव्यात.