एकाच चरातली रिंग

अनेक आशीर्वाद.

महापालिकेच्या स्मार्ट सिटी प्रकल्पात नेटवर्क इंजिनिअर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. तू पाठवलेल्या फोटोत कंट्रोल रूमची ती भलीमोठी स्क्रीन पाहिली. तिचं अप्रूप वाटणारच. तरी पहिले दोन महिने तिथं कमीत कमी बस. तुझं नेटवर्क रस्त्याखाली आहे, ते पायी फिरल्याशिवाय कळायचं नाही.

फायबर, म्हणजे डेटा नेणारी काचेची तार, तुटली की ओटीडीआर हे तारेत प्रकाश सोडून अंतर मोजणारं यंत्र सांगतं, बिघाड ४.२ किलोमीटरवर. नवखा माणूस गाडीच्या मीटरवर तेवढं अंतर मोजतो आणि भलत्याच जागी खोदायला लावतो. ओटीडीआर फायबरची लांबी मोजतं, रस्त्याची नव्हे. पुढेमागे जोड द्यावा लागला तर असावी म्हणून चेंबरमध्ये दहा-पंधरा मीटर केबल गुंडाळून ठेवलेली असते. अशी वीस चेंबर झाली की दोन-तीनशे मीटरचा फरक पडतो. फायबरचे जोड (स्प्लायसिंग) करणाऱ्या मुलांबरोबर हिंड आणि कुठं किती वेटोळी आहेत ते वहीत टिपून ठेव. काही झाकणं डांबराखाली गाडली गेली असतील, तीही शोधून काढ.

आता माझी चूक सांगतो. एका शहरात आम्ही चौकाचौकांतले कॅमेरे रिंगवर जोडले होते. एक बाजू तुटली तरी दुसरीकडून डेटा यावा, हा हेतू. ड्रॉइंग सुरेख होतं, मी सही केली. पण रस्ता खोदायची परवानगी मिळायला महिने जातात, दर मीटरमागे पैसे भरावे लागतात, त्यात पावसाळ्यात खोदाई बंद. ठेकेदारानं रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरात टाकल्या, आणि मी साइटवर जाऊन पाहिलं नाही. पुढं जलवाहिनीच्या कामावरच्या जेसीबीनं दोन्ही केबल एका फटक्यात तोडल्या. शहराच्या एका अख्ख्या बाजूचे कॅमेरे दुसऱ्या सकाळपर्यंत बंद होते. त्या रात्री तिथं एखादा अपघात झाला असता तर? हा विचार अजून सलतो. म्हणून सांगतो, चर उघडा असताना स्वतः उभी राहा, फोटो काढ आणि प्रत्यक्ष टाकलेल्या मार्गाचा नकाशा हातात आल्याशिवाय बिलावर सही करू नकोस. खोदणाऱ्यानं आधी कळवावं यासाठी २०२३ पासून ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी ॲप आहे, पण आपली केबल नेमकी कुठं आहे हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर त्या सूचनेवर काय उत्तर देणार?

विजेकडेही लक्ष दे. खर्च वाचवायला कॅमेऱ्याला पथदिव्याच्या लाइनवरून वीज देतात, आणि ती लाइन टायमरवर दिवसा बंद! रोज सकाळी ठरावीक वेळी कॅमेरे गेले तर नेटवर्क स्विचला दोष देण्याआधी फीडर पिलर, म्हणजे पथदिव्यांना वीज वाटणारी रस्त्याकडेची पेटी, बघ.

साठवणुकीचं गणित स्वतः मांड. सेकंदाला ४ मेगाबिट (एमबीपीएस) डेटा पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी भरतो, म्हणजे महिन्याला साधारण १.३ टीबी. हजार कॅमेरे म्हटले की आकडा कुठं जातो ते बघ. पाण्याच्या मीटरची तऱ्हा याच्या अगदी उलट. दिवसातून चार आकडे पाठवायचे, पण लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यातून, आणि तेही बॅटरीवर. तिथं लोरावॅनसारखी हळू पण लांब पल्ल्याची यंत्रणा बरी. झाकण बंद करून, खड्ड्यात पाणी साचलेलं असताना चाचणी घे.

कॅमेऱ्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरनं असलेच पासवर्ड वापरून जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आणखी एक काळजी आहे. २०१५ साली १०० शहरांसाठी सुरू झालेलं केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन मार्च २०२५ मध्ये संपलं. आता बॅटऱ्या बदलायच्या, तुटलेली केबल जोडायची, त्याचा पैसा महापालिकेलाच उभा करायचा आहे. तुझ्या शहराच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे का, हे लेखा विभागात जाऊन विचार. तू नवीन आहेस म्हणून संकोच करू नकोस.

येत्या रविवारी कंट्रोल रूमपासून सगळ्यांत लांबच्या चौकापर्यंत केबलच्या मार्गानं चालत जा. नकाशावरची किती झाकणं जागेवर सापडली ते मला रात्री कळव, मी फोनची वाट बघतो.