कुळागर बघायला जूनमध्ये या

नेदरलँड्सहून एका ताईंचं पत्र आलंय. कोजागिरीला तिथली मराठी मंडळी जमली होती. गप्पांत कुणीतरी विचारलं, इंटरनेटवरचं काम नसतंच तर तुम्ही काय केलं असतं? कुणी सुतारकाम म्हणालं, कुणी शाळेत शिकवणं, एकाला पावाची भट्टी घालायची होती. ताईंचे यजमान म्हणाले, 'मी केरीला आमच्या कुळागरात असतो.' इतरांनी दूध संपवलं आणि विषयही संपवला. यांनी तो त्या रात्रीपासून धरून ठेवलाय. वय ४२, सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. गोव्यात फोंडा तालुक्यात आजोबांच्या नावावर कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बागायत आहे, काका बघतात, पण तेही आता थकले. 'हे वेड आहे की खरी ओढ, मला समजत नाही. त्यांना अडवू की पाठवू?' असं ताई विचारतात. आणि अगदी शेवटी, पत्र बंद करता करता लिहिल्यासारखी एक ओळ: 'मला कुणी विचारलंच तर मी गाणं शिकवलं असतं.'

ताई, अडवूही नका आणि लगेच राजीनामाही देऊ देऊ नका. त्यांना पाच आठवडे घेऊन या, पण जूनमध्ये या.

असं का म्हणते ते सांगते. माझा धाकटा दीर मस्कतला एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचा. त्यालाही हीच ओढ होती. दरवर्षी डिसेंबरात यायचा. डिसेंबरातलं कुळागर म्हणजे काय सांगावं! गार सावली, पाटाचं झुळझुळ पाणी, पोफळीवर चढलेली मिरी, वर केशरी झालेले सुपारीचे घड. दुपारी पाटाशी पाय सोडून बसलं की कुणालाही वाटावं, आता इथून उठूच नये. असे आठ डिसेंबर बघून तो कायमचा आला. पहिल्याच पावसाळ्यात कोळेरोगाने त्याला गाठलं.

पोफळीला पावसाळ्यात हा रोग येतो. तो टाळायचा तर पाऊस सुरू होण्याआधी घडांवर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मारावं लागतं, आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा एकदा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद एका पिंपात विरघळवायचं, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र करायची. पिंप लोखंडी चालत नाही. मिश्रण जमलं की नाही हे बघायला आमच्या सासऱ्यांनी त्याला विळा आणायला सांगितला. घासून लख्ख केलेलं पातं त्या निळ्या पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं, तर त्यावर तांबूस थर. 'चुना कमी पडला. अजून घाल.' पुन्हा बुडवलं, पातं जसंच्या तसं निघालं. दीर त्या पात्याकडे बघतच राहिला. तो क्षण त्याला आजही आठवतो, कारण आपल्याला हे काम शिकायचंय हे त्याला तिथे पक्कं झालं, असं तो म्हणतो.

पण मिश्रण तयार झालं तरी ते वर नेणार कोण? पाडेली मिळेना. पोफळीवर चढणारा, एका झाडावरून झुलून दुसरं धरणारा, दिवसभर खाली न उतरणारा माणूस म्हणजे पाडेली. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा पाडेली म्हातारा झाला होता आणि त्याचा मुलगा तारवटी होऊन बोटीवर गेला होता. मिळेल तो पाडेली यायला बारा दिवस गेले आणि तोवर पाऊस लागला. जुलैत रोज सकाळी पोफळींखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा, त्यांवर पांढरी बुरशी. दीर त्या गोळा करायचा, कारण कुजू दिल्या तर रोग पसरतो. त्या दिवसांत तो जेवताना बोलत नसे.

ताई, तुमच्या यजमानांना हे वाचून दाखवा. घाबरवायला नव्हे, तर त्यांना विचारायला: पाडेल्याच्या मुलाने बोटीवर जायचं ठरवलं, आणि तुमचं स्वप्न त्याने ज्या झाडावरून उतरून जायचं ठरवलं त्याच झाडावर उभं आहे. मग ते झाड चढणार कोण? परदेशात राहून मातीत हात घालायची हौस पुष्कळांना असते. कुळागरात मातीत हात फार थोडा वेळ असतो. बराचसा दिवस माणसं जमवण्यात, पाण्याची पाळी सांभाळण्यात, बांध फुटला का बघण्यात आणि माकडं हाकण्यात जातो. हे त्यांना आवडेल का, एवढंच तपासायचंय.

माझ्या दिराने त्याचं उत्तर स्वतः चढून दिलं. नारळ विकास मंडळ यंत्र लावून माडावर चढायचं शिक्षण देतं. तो ते शिकला, आणि तेवढ्याने निदान नारळ तरी कुणासाठी अडून राहिले नाहीत. ओल्ड गोव्याच्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत जाऊन बसायचा, शंका विचारायचा. आपल्या लोकांना या संस्थेत जायला उगाच संकोच वाटतो. तुम्ही आलात की पहिल्याच आठवड्यात जा.

पैशाचं थोडक्यात. पगार दर महिन्याला येतो, सुपारी तशी येत नाही. घड उतरवायचे, अंगणात चाळीस-पंचेचाळीस दिवस वाळवायची, सोलायची, मग फोंड्याला बागायतदार संस्थेत न्यायची. वर्षातून काही वेळाच हातात पैसा येतो, आणि तोही भावावर अवलंबून. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला पाच-सहा वर्षं, जायफळाला त्याहून जास्त. तेव्हा निदान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये. अर्धवेळ काम चालू ठेवता आलं तर ठेवावं. त्यात कमीपणा काही नाही.

कागदांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण इथे घरं तुटताना बघितली आहेत. तुम्ही लिहिता, कुळागर अजून आजोबांच्या नावावर आहे. म्हणजे आजोबांचे सगळे वारस त्यात आले: काका, आत्या, त्यांची मुलं. गोव्याच्या नागरी कायद्यात लग्न झालेल्या मुलींचा हिस्सा मुलांइतकाच असतो, आणि वडिलांना सगळी मालमत्ता एकाच मुलाला देऊन बाकीच्यांना वगळता येत नाही. निम्मी वारसांसाठी राखीवच असते. तेव्हा 'काका म्हणाले तू बघ' एवढ्यावर पाइपलाइन टाकू नका, झाडं लावू नका. आधी फॉर्म एक व चौदा, म्हणजे इथला सातबारा, काढा. त्यात कुळांच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का बघा. मग सगळ्या आत्यांना एकत्र बसवा, वारसाचं काम वकिलाकडून करून घ्या. आत्यांकडे मोकळ्या हाताने जाऊ नका, आणि सहीचा कागद पहिल्याच भेटीत पुढे करू नका. आपली माणसं मान मागतात, तो द्या.

दुसरं असं की परदेशी राहणाऱ्या भारतीयाला किंवा ओसीआय कार्डवाल्याला (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला) शेतजमीन आणि बागायत वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. 'शेजारचाही तुकडा घेऊन टाकू' असं यजमान म्हणत असतील तर थांबवा. भातशेतीच्या जमिनीसाठी गोव्यात २०२३ पासून वेगळा कायदाही आहे, शेतकरी नसलेल्याला ती विकण्यावर निर्बंध आहेत. आणि हे फक्त तुमच्यासाठी, ताई: लग्नाआधी तुम्ही वेगळा करार केलेला नसेल, तर इथल्या कायद्याप्रमाणे सहसा नवऱ्याच्या मालमत्तेत बायको निम्म्याची मालकीण असते, आणि जमीन विकायची तर तिची सही लागते. तुमचं लग्न कुठे नोंदवलंय ते वकिलाला सांगून तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते नीट विचारा. म्हणजे 'अडवू की पाठवू' हा प्रश्न बाहेरून विचारण्याचा नाही. तुम्ही या व्यवहारात बरोबरीच्या आहात.

म्हणून आता तुमच्या शेवटच्या ओळीकडे येते. चार पानं यजमानांच्या स्वप्नाची आणि एक ओळ तुमची. मला ती ओळ वाचून वाईट वाटलं. ज्या केरीत तुमचं कुळागर आहे ती गायिका केसरबाई केरकरांची केरी. मंगेशीने दीनानाथ दिले, अभिषेकी दिले. या मातीत गाणं शिकवणं हा उद्योग पूर्वीपासून आहे आणि आजही आहे. देवळातलं भजन, उत्सवातलं संगीत नाटक, शाळेच्या स्पर्धा, सगळीकडे मुलांना सूर लावून देणारं कुणीतरी लागतं. फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, पणजीला कला अकादमी आहे. तुम्ही किती शिकला आहात ते लिहिलं नाहीत. परीक्षा अर्धी राहिली असेल तर आत्ता, तिथेच, ऑनलाइन गुरू धरून पुढे सुरू करा. त्यासाठी गोव्याला यायची वाट बघू नका. मंडळातल्या तीन मुलांना शनिवारी घरी बोलवा आणि सहा महिने शिकवा. तेच तेच अलंकार चाळिसाव्यांदा म्हणून घेताना तुमचा जीव रमतो का, ते तुम्हाला कळेल. हा तुमचा जून.

तुमच्या त्या पावाच्या भट्टीवाल्या मित्रालाही सांगा. गावचा पोदेर, म्हणजे पाववाला, मध्यरात्री उठतो, लाकडं पेटवून भट्टी तापवतो, आणि पहाटे सायकलचा भोंपू वाजवत दारोदार जातो. दुपारी पुन्हा तेच. इथल्या कितीतरी पोदेरांची मुलं या धंद्यात यायला तयार नाहीत, तेव्हा शिकवणारा मिळेल. पण आधी पंधरा रात्री भट्टीपाशी उभं राहावं लागेल.

मुलीच्या शाळेचं विचारलंय. पाच आठवड्यांसाठी शाळा बदलायची गरज नाही. शिक्षकांशी बोला, अभ्यास बरोबर आणा. तिला पाटात खेळू द्या, आणि जळवा लागल्या तर मीठ हाताशी ठेवा.

जूनमध्ये या म्हटलं, तरी तिकीट २० मेच्या आधीचं काढा. पहिली फवारणी पावसाच्या आत होते, तेव्हा यजमान इथे हवेत. काकांना आजच फोन करून पाडेल्याला सांगून ठेवायला सांगा.